झोळीची भारचाचणी

विश्रांती ही माणसाची मूलभूत गरज आहे, यावर सगळ्या सुधारलेल्या समाजांचं एकमत आहे. मतभेद आहे तो एवढाच, की ती नेमकी कुणी घ्यायची आणि त्याआधी कोणकोणत्या तपासण्या उरकायच्या. बेजबाबदार माणसं दमली की पडतात. जबाबदार माणसं आधी पडायची जागा तपासतात, तपासणीचा अहवाल लिहितात, अहवालावर हरकती मागवतात. तोवर झोप आपोआप उडालेली असते आणि प्रकरण निकालात निघतं. जग टिकून आहे ते या दुसऱ्या प्रकारच्या माणसांमुळे. निरीक्षक त्यांच्यातले पहिल्या रांगेतले.

निरीक्षक म्हणजे लिफ्टचे निरीक्षक. बत्तीस वर्षं त्यांनी शहरातल्या लिफ्ट तपासल्या, आणि त्यांच्या सहीच्या एकाही लिफ्टने कधी कुणाला दगा दिला नाही, हे त्यांच्या शत्रूंनाही मान्य होतं (शत्रू बहुतेक अशा इमारतींतले, जिथली लिफ्ट निरीक्षकांनी बंद ठेवायला लावली होती आणि लोक आठ-आठ मजले चढताना त्यांच्या नावाने बोटं मोडत होते). लिफ्टमध्ये पत्र्याची एक पाटी असते: 'सहा माणसे, ४०८ किलो.' म्हणजे माणशी अडुसष्ट. हा आकडा निरीक्षकांच्या अंगात भिनला होता. त्यांच्या लेखी माणूस म्हणजे अडुसष्ट किलो. लठ्ठ, काटकुळा, उंच, बुटका हे भेद रिकामटेकड्यांनी करावेत. त्यांची लेक जन्मली तेव्हा ती पावणेतीन किलो भरली, तर त्यांनी डॉक्टरांना काटा पुन्हा बघायला सांगितला होता.

त्यांच्या पत्नीला सगळं जग सिस्टर म्हणे. शस्त्रक्रिया झालेल्या पुरुषांच्या वॉर्डात त्यांनी तेहतीस वर्षं काढली. वॉर्डात खाटा चौतीस आणि खुर्ची एक. खुर्ची डॉक्टरांसाठी राखीव होती, आणि डॉक्टर आल्या पावली परत जात असल्यामुळे ती बारा महिने रिकामी असे. तिच्यावर तेहतीस वर्षांत एकही सिस्टर बसली नाही, हे नव्या मुलींना शिस्तीचं उदाहरण म्हणून दाखवलं जाई. निवृत्तीच्या दिवशी मुलींनी विचारलं, सिस्टर, काय देऊ तुम्हाला? घड्याळ, इस्त्री, की भिंतीवर लावायला एखादं चित्र? सिस्टर म्हणाल्या, काही नको गं, मला नुसतं आडवं व्हायचंय. मुली सांगितलेलं तंतोतंत ऐकणाऱ्या निघाल्या. त्यांनी निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, जाड सुती कापडाचं एक हॅमॉक आणून दिलं. घरातले सगळे त्याला झोळी म्हणू लागले. निरीक्षकांनी कागदोपत्री त्याची नोंद 'दोन आधारांवरील झुलती शय्या, एक नग' अशी केली.

झोळी घरी आली त्या संध्याकाळी सिस्टरांनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. त्या म्हणाल्या, "मला एकच हवंय. दुपारी दोन ते चार त्यात पडायचं, आणि तेवढ्या वेळात कुणी मला हाक मारायची नाही."

मागणी गैरवाजवी होती असं कुणालाच म्हणता आलं नाही. हाकांचा प्रश्न घरात खरोखरच होता. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या लेकीने एका सुट्टीच्या दिवशी गंमत म्हणून मोजल्या, तर सकाळपासून जेवणापर्यंत सिस्टरांना सत्तेचाळीस हाका पडल्या होत्या. त्यांचं वर्गीकरण असं: वस्तू सापडत नाही म्हणून, बावीस (पैकी निरीक्षकांचा चष्मा नऊ वेळा, आणि त्यांतल्या सात वेळा तो निरीक्षकांच्या कपाळावर). वस्तू सापडली हे कळवायला, चार. काहीतरी दुखतंय म्हणून, अकरा. यांत गल्लीतल्या लोकांची गुडघेदुखी धरली आहे. उरलेल्या दहांमध्ये हाक मारणाऱ्याला सिस्टर समोर आल्यावर काय म्हणायचं होतं तेच आठवलं नाही. हे मोजमाप चालू असताना लेकीने स्वतः मारलेल्या हाका तिने मोजल्या नव्हत्या.

"अगं, त्यात काय," निरीक्षक म्हणाले, "उद्याच बांधतो."

हे वाक्य त्यांनी उच्चारलं त्याला, ज्या दुपारची ही गोष्ट आहे त्या दुपारी, बरोबर सहा महिने झाले होते. त्या दुपारी काय झालं ते पुढे येईलच.

पहिली अडचण झाडांची. झोळीबरोबर एक कागद आला होता. त्यावर चित्र होतं: दोन झाडं, मध्ये झोळी, झोळीत तोंडावर टोपी घेऊन झोपलेली एक बाई. खाली लिहिलं होतं, 'दोन भक्कम झाडांना बांधा.' निरीक्षकांनी परसदारी जाऊन वृक्षगणना केली. एक पेरूचं झाड, भक्कम. एक गुलाब, मरणोन्मुख. कोरफडीच्या कुंड्या तीन. निष्कर्ष: गरज दोन झाडांची, उपलब्ध एक, तूट पन्नास टक्के. इतकी तूट असताना काम पुढे रेटणं म्हणजे लिफ्टला दोनाऐवजी एकच दोर लावण्यासारखं आहे, असं त्यांनी सिस्टरांना समजावून सांगितलं. सिस्टर तेव्हा उभ्या होत्या. पायांच्या शिरा गाठाळल्या होत्या, म्हणून त्या आळीपाळीने एकेका पायावर भार देत होत्या, आणि हे पाहून निरीक्षकांना भार दोन आधारांवर विभागण्याचं महत्त्व नव्याने पटलं.

शेजारी भूगोलाचे मास्तर राहत. कुंपणाच्या भिंतीपलीकडे त्यांचं बदामाचं झाड होतं, पेरूपासून सव्वाचार मीटरवर. कागदावरच्या चित्रासाठीच लावल्यासारखं. निरीक्षक त्यांच्याकडे रीतसर गेले. झोळी बांधल्यास तुमच्या वहिनींचं डोकं आमच्या हद्दीत आणि पाय तुमच्या हद्दीत राहतील, याला तुमची हरकत आहे काय, असं त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, हरकत कसली, वहिनींना सांगा, खुशाल झोपा. एवढं बोलायला मास्तरांना अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही, आणि तिथेच माशी शिंकली. अर्ध्या मिनिटात मिळते ती परवानगी नव्हे, असा निरीक्षकांचा बत्तीस वर्षांचा अनुभव होता. ज्याने हरकतीचा विचारच केला नाही, त्याला उद्या हरकत सुचली तर? त्यांनी मास्तरांना विचार करायला तीन आठवडे दिले. मास्तरांनी तिन्ही आठवडे तेच उत्तर दिलं, त्यामुळे त्यांच्यावरचा निरीक्षकांचा विश्वास पार उडाला आणि बदामाचं झाड यादीतून बाद झालं.

मग इतर आधारांची पाहणी झाली. पावसाच्या पाण्याचा पाइप हलवून पाहिल्यावर हातात आला. कपडे वाळत घालायच्या खांबाला वाळूची बादली टांगली, तर तो इतक्या अदबीने वाकला की निरीक्षकांनाच संकोच वाटला. पाण्याच्या टाकीचा कठडा चांगला होता, पण त्याला दोर बांधला असता तर झोळी जमिनीपासून अडीच मीटर वर राहिली असती आणि सिस्टरांना तिथवर जायला लिफ्ट लागली असती. तसा विचार निरीक्षकांनी केला नाही असं नाही.

शेवटी त्यांनी दुहेरी योजना आखली. कायमचा उपाय म्हणून पेरूसमोर चार मीटरवर जांभळाचं रोप लावलं. ते भारक्षम व्हायला, त्यांच्या हिशेबाने, नऊ वर्षं लागणार होती. आणि तोवरचा तात्पुरता उपाय म्हणून त्याच्या शेजारी एक लोखंडी खांब.

गवंडी आला. त्याने खड्डा खणला, खांब उभा केला, काँक्रीट ओतलं आणि म्हणाला, साहेब, चार दिवसांनी बांधा काय बांधायचं ते. निरीक्षकांनी त्याच्याकडे करुणेने पाहिलं. काँक्रीटला पुरती ताकद यायला अठ्ठावीस दिवस लागतात आणि तोवर त्याला पाणी घालावं लागतं, हे ते जाणत होते. त्यांनी अठ्ठावीस दिवस सकाळ-संध्याकाळ खांबाच्या बुडाशी झारीने पाणी घातलं. मास्तर भिंतीवरून पाहत असत. खांब वाढतोय का, असं त्यांनी एकदा विचारलंही. या धांदलीत शेजारचं जांभळाचं रोप मात्र पाण्यावाचून वाळून गेलं. झाडांची तूट पुन्हा पन्नास टक्क्यांवर आली, पण खांब उत्तम धरला होता.

साडेतीन महिने असे गेले. सिस्टर रोज दुपारी भांडी आवरून परसदाराच्या पायरीवर बसत आणि पाय कोमट पाण्याच्या बादलीत सोडत. बूड टेकलं की हाक येई, पाय पुसून त्या आत जात, परत येईपर्यंत पाणी गार झालेलं असे. मग गार पाण्यातच पाय घालून त्या खांबाकडे बघत बसत.

झोळी बांधली गेली तो दिवस घरच्यांच्या लक्षात राहिला. लेक खाली आली. मास्तर भिंतीवर आले. निळे-पांढरे पट्टे पेरूपासून खांबापर्यंत ताणले गेले आणि झोळीचं पोट मधोमध सुरेख खाली आलं. सिस्टरांनी पदराला हात पुसले, चपला काढल्या, आणि झोळीची कड हातात धरली.

"थांब," निरीक्षक म्हणाले. "भारचाचणी व्हायची आहे."

नव्या लिफ्टमध्ये आधी माणसं चढवत नाहीत. आधी वजनं चढवतात. ठरलेल्या भारापेक्षा सव्वापट. त्यासाठी निरीक्षकांना सिस्टरांचं वजन हवं होतं. सिस्टर म्हणाल्या, तेहतीस वर्षं मी दुसऱ्यांची वजनं लिहिली, माझं कुणी लिहायचं नाही. निरीक्षकांनी आग्रह केला नाही. त्यांना आकडा ठाऊकच होता. अडुसष्टच्या सव्वापट पंच्याऐंशी; म्हणजे साडेआठ किलोंची वाळूची पोती, दहा. पोती सिस्टरांनीच शिवून दिली (शिलाई यंत्रावर बसूनच काम करावं लागतं, म्हणून तो वेळ निरीक्षकांनी त्यांच्या विश्रांतीत धरला). पोती झोळीत ओळीने निजवली. वाळूवर दव पडून वजन वाढू नये, म्हणून वर एक जाड करडी चादर पांघरली. खांबाला पाटी लागली: 'चाचणी चालू आहे. भारास हात लावू नये.'

ठरलं होतं सात दिवस. निरीक्षक दिवसातून तीनदा, आठला, तीनला आणि सहाला, झोळीखाली उकिडवे बसत आणि तिच्या पोटापासून जमिनीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजून वहीत लिहीत. पाटीवरचा नियम त्यांनाही लागू होता, म्हणून त्यांनी एकदाही भाराला हात लावला नाही. आता, सुती कापडात वजन ठेवलं की कापड ताणतं. रोज झोळी तीन-चार मिलिमीटर खाली येई. जोवर ती खाली येणं थांबत नाही तोवर चाचणी संपली असं कुणी शुद्धीवरचा माणूस म्हणणार नाही. सात दिवसांचे चौदा झाले, चौदाचे चाळीस. घरात त्या काळात नियमित विश्रांती कुणाला मिळाली असेल, तर ती त्या दहा पोत्यांना. ती रात्रंदिवस पडून होती, त्यांना चादर होती, आणि त्यांना कुणीही हाक मारत नव्हतं.

ही शेवटची गोष्ट सिस्टरांच्या लक्षात आली. पायरीवर, बादलीत पाय सोडून बसल्या असताना.

त्यानंतर दोन बदल झाले. दोन्ही इतके किरकोळ होते, की त्यांचा एकमेकांशी संबंध जोडायला फार मोठी बुद्धी लागली असती, आणि घरात सगळेच फार मोठ्या बुद्धीचे असल्यामुळे तो कुणी जोडला नाही.

पहिला बदल असा, की सिस्टर दुपारी दोनच्या सुमाराला "जरा बाहेर जाऊन येते" म्हणून जाऊ लागल्या आणि चारला परत येऊ लागल्या. कुठे, ते कुणी विचारलं नाही. जो माणूस घरात कायम असतोच, तो कुठे जात असेल हा प्रश्न सहसा पडत नाही. पहिल्या आठवड्यात घराचे हाल झाले. निरीक्षकांनी स्वतः चहा केला आणि भांडं जाळलं. लेकीला खालच्या कपाटातली टाचणी सापडेना. ती तिने शेवटी स्वतःच शोधली, आणि ती कपाटातच होती. गल्लीतले गुडघे चारपर्यंत थांबायला शिकले, त्यांतले दोन तर या काळात बरेही झाले.

दुसरा बदल वैज्ञानिक होता. वहीतले दुपारी तीनचे आकडे बिघडले. सकाळी आठला झोळी जमिनीपासून एकेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास असे. दुपारी तीनला ती शेहेचाळीसवर गेलेली दिसे. संध्याकाळी सहाला पुन्हा एकेचाळीस. निरीक्षकांनी पट्टी बदलली. चष्मा बदलला. त्रैराशिक मांडलं, तर उत्तर आलं, की दुपारी वाळूचं वजन चोवीस किलोंनी घटतं आणि संध्याकाळपर्यंत ते भरून येतं.

त्यांनी मास्तरांना गाठलं. मास्तरांनी वही पाहिली, बराच वेळ भिंतीला टेकून उभे राहिले, आणि म्हणाले की हा दवाचा प्रकार आहे. सकाळी वाळू दव पिते, दुपारच्या उन्हात ते उडून जातं, ऊन उतरलं की हवेतली ओल परत येते. चोवीस किलो दव जरा जास्त वाटतं, असं निरीक्षक म्हणाले. मास्तर म्हणाले, वाळू बारीक असेल. यावर दोघांनी मिळून अकरा पानांचं टिपण लिहिलं. त्यात असंही नोंदवलं आहे, की निरीक्षकांनी नुसती टाकलेली चादर हल्ली रोज संध्याकाळी चारी बाजूंनी खोचलेली असते, कोपरे पंचेचाळीस अंशांत दुमडून, एकही सुरकुती न ठेवता. याचं कारण वारा, असं मास्तरांचं मत पडलं. इतका शिस्तीचा वारा आपण कुठे पाहिला नाही, हे मात्र त्यांनी कबूल केलं.

मधल्या काळात मागणी वाढली. झोळी एवढी तपासली जाते आहे म्हणजे ती चांगली असणार, असं लोकांना वाटू लागलं. लेकीने सुट्टीची दुपार मागितली. जावयाने रोज जेवणानंतरचा एक तास मागितला, कारण त्याला खुर्चीत पाठ लागत होती. मास्तरांनी तीन ते चार, वर्तमानपत्रासाठी, त्यांचं झाड नाकारलं गेलं त्याची भरपाई म्हणून. निरीक्षकांनी सगळ्यांना न्याय मिळेल असं वेळापत्रक आखलं. प्रमाणपत्रावर सही झाली की ते खांबाला लावायचं होतं. सिस्टरांनाही त्यात जागा होती: संध्याकाळी साडेसात ते पावणेआठ, स्वयंपाक लवकर आटोपल्यास. वेळापत्रक त्यांना दाखवलं. त्यांनी ते नीट वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. त्या रागावल्या नाहीत, निरीक्षकांनी तसं वहीत लिहिलंसुद्धा.

आता ती दुपार.

कापड ताणायचं थांबलं होतं. आठ दिवस सकाळचा आकडा एका केसाने हलला नव्हता. निरीक्षकांनी प्रमाणपत्र स्वच्छ अक्षरात लिहून काढलं आणि तीनच्या शेवटच्या मोजणीनंतर सही करायची, म्हणून ते वेळापत्रकासकट बगलेत घेऊन परसदारी गेले. उकिडवे बसले. पट्टी लावली. शेहेचाळीस. आणि तेवढ्यात त्यांना भारातून आवाज आला.

आवाज हा निरीक्षकांचा प्रांत. नुसत्या आवाजावरून ते सांगत, की दोर सुकलाय, की चाक घासतंय, की दार नीट बसत नाही. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. बारीक घरघर, चार सेकंदांचं अंतर, शेवटी एक हलकी शिट्टी. कुठलंही यंत्र असा आवाज करत नाही. पण आवाज ओळखीचा होता. अडतीस वर्षं रोज तो त्यांच्या डाव्या कानाशी आला होता.

मग त्यांना टाकीच्या मागे दहा पोती दिसली. एका चादरीवर नीट ओळीने ठेवलेली. मोठा पेशंट खाटेवरून हलवायचा तर त्याला उचलत नाहीत, चादरीवर घेऊन सरकवतात. आणि साडेआठ किलोंचं पोतं म्हणजे नऊ महिन्यांचं मूल, ते तर कुठलीही सिस्टर काखेत मारून चालते. करड्या चादरीच्या टोकातून दोन टाचा बाहेर आल्या होत्या. भेगाळलेल्या. वरच्या बाजूला निळ्या गाठी. निरीक्षकांनी त्या इतक्या जवळून कधी पाहिल्या नव्हत्या, कारण त्या टाचा कायम जमिनीवर टेकलेल्या असत.

पहिल्यांदा त्यांना राग आला. छत्तीस दिवसांचे तीनचे आकडे, अकरा पानांचं टिपण, सगळं मातीत गेलं होतं. चाचणीतल्या भाराच्या जागी विनापरवाना माणूस. बत्तीस वर्षांत असला प्रकार त्यांच्या हाताखाली घडला नव्हता. हाक मारायला त्यांनी तोंड उघडलंही.

पण मनातल्या मनात त्यांचं गणित चालूच होतं. पंच्याऐंशी वजा चोवीस. एकसष्ट. म्हणजे ही एकसष्ट किलोंची आहे. अडतीस वर्षं आपण हिला अडुसष्ट धरून चाललो, आणि ही होती एकसष्ट. आणि अडुसष्टच्याही सव्वापट वजन हिने रोज उचललं, तेही उभ्याने, आणि त्याची चाचणी कुणी घेतली नाही. निरीक्षकांना वाईट वाटलं. अगदी मनापासून वाईट वाटलं. प्रमाणपत्रावर आता सही केली, तर उद्यापासून या झोळीत जावई असेल, मग मास्तर असतील, आणि सिस्टर पायरीवर, बादलीत पाय सोडून.

त्यांनी तोंड मिटलं. चोरपावलांनी खांबाशी गेले आणि वही उघडून उभ्याउभ्या लिहिलं: 'कापडाचे वर्तन समाधानकारक. भाराचे वर्तन अद्याप समजलेले नाही. सबब चाचणी पुढील आदेशापर्यंत चालू. दुपारी दोन ते चार भाराजवळ बोलू नये, चालू नये, हाक मारू नये.' प्रमाणपत्राची आणि वेळापत्रकाची चौकोनी घडी करून ती त्यांनी खिशात घातली. मग आत जाऊन चहा केला. या खेपेला भांडं जळलं नाही. एक कप, वर बशी झाकून, त्यांनी टाकीमागे पोत्यांशेजारी ठेवला आणि पाय न वाजवता परत गेले.

लेकीने विचारलं, मास्तरांनी विचारलं, जावयाने तर दोनदा विचारलं. सगळ्यांना एकच उत्तर मिळालं, की सुरक्षिततेच्या बाबतीत तडजोड होणार नाही. निरीक्षकांचा स्वभाव ठाऊक असल्यामुळे कुणाला शंका आली नाही. चुकून चांगलं काम हातून झालं, तर ते लपवायला आयुष्यभराच्या नावलौकिकासारखी दुसरी सोय नाही.

सिस्टर मात्र त्या संध्याकाळी भाजी चिरता चिरता, वर न बघता म्हणाल्या, "अहो, ती चाचणी संपली नाही का अजून?"

"नाही," निरीक्षक म्हणाले. "वाळूचा काही भरवसा नसतो."

"आणखी किती दिवस?"

निरीक्षकांनी कपाळावरचा चष्मा स्वतःच शोधून डोळ्यांवर घेतला आणि वहीत बघितल्यासारखं केलं. "तेहतीस वर्षं तरी लागतील," ते म्हणाले. सिस्टरांनी चिरलेली भाजी पातेल्यात टाकली आणि उद्या दूध जरा जास्त घ्यायला हवं, म्हणाल्या. चहा फार काळा झाला होता.

एवढं वाचून ज्यांना निरीक्षकांचं हसू आलं असेल, त्यांच्यासाठी घरच्या घरी करण्यासारखी एक सोपी चाचणी खाली देत आहोत. तिला झाड लागत नाही, खांब लागत नाही. पुस्तक बाजूला न ठेवता, जागचं न हलता, आपण घरात ज्या माणसाला सगळ्यांत जास्त हाका मारतो त्याला एक हाक मारावी. ओ आली नाही, तर काळजी करू नये, शोधायला जाऊ नये. चहा आपला आपण करावा. पण ओ लगेच आली, आणि ओले हात पुसत माणूसच दारात येऊन उभं राहिलं, तर आपल्या घरी दहा पोत्यांची तूट आहे, अशी नोंद करावी. आता हाक मारलीच आहे, तर काहीतरी विचारावं लागेल. निदान चष्मा कुठे आहे, असं विचारू नका. तो आपल्या डोळ्यांवर आहे. त्याशिवाय आपण इथवर वाचलंच नसतं.